जेसीबीवरून आलेले पंतप्रधान

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला शाळेत कुणी घाबरत नाही. गणिताच्या सरांना पोरं टरकतात, इंग्रजीच्या मॅडमना पालक टरकतात, आणि माझ्याकडे मात्र स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी हसत येऊन म्हणायचं, ‘बाई, तुमचा तास देता का, विज्ञानाचा भाग राहिलाय.’ इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेली ती चार पानं. त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही असं सगळ्यांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझंही होतं.

माझं माहेर साताऱ्याचं, नोकरी मात्र सगळी कुंडल-पलूस पट्ट्यातल्या एका हायस्कुलात झाली. गावातच खोली घेऊन राहिले, मतदार यादीत नावही तिथलंच लागलं. ज्या मुलखातल्या आज्या-पणज्यांनी इंग्रज असताना स्वतःचं सरकार चालवून दाखवलं, तिथल्या पोरांना मी ‘सरकारचे तीन घटक कोणते’ हे फळ्यावर लिहून द्यायची. प्रश्न सांगायचा, उत्तर सांगायचं, खाली दोन रेघा मारायच्या. पोरं घोकायची, मार्क पडायचे, हेडसर खूश असायचे.

एक मात्र सांगते. निवडणूक म्हणजे काय, हे आमच्याइतकं मंत्र्यालाही ठाऊक नसतं. शिक्षकाला निवडणुकीची ड्युटी लागते. यंत्राच्या पेट्या उचलून एसटीच्या मागच्या सीटवर बसून परक्या गावी जायचं, पहाटे उठून सगळ्यांसमोर खोटं मतदान घेऊन यंत्र बरोबर चालतंय हे दाखवायचं, ते पुसायचं, लाख लावून सील करायचं, मग खऱ्या मतदानाला बसायचं. या सगळ्याची मला भारी हौस. बोटाला शाई लावताना तर माझी अशी काही तंद्री लागायची, की एकदा मी एका आजीबाईंच्या दोन्ही हातांना लावली होती.

ही हौस शाळेत आणायचं मी निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा ठरवलं. तोवर आमचं शालेय मंत्रिमंडळ हेडसर ठरवायचे. पहिला नंबर तो पंतप्रधान, दुसरा नंबर अर्थमंत्री, आणि जो मोठ्यानं ओरडू शकेल तो प्रार्थनामंत्री. मी म्हटलं, या वर्षी मतदान घेऊ. हेडसर म्हणाले, घ्या, पण आवाज नको. एवढ्या एका बाबतीत मी त्यांना दिलेला शब्द पाळू शकले नाही.

त्याच आठवड्यात वैष्णवीचे वडील आले. वैष्णवी माझ्या वर्गातली, नववीची, किडकिडीत, हात वर करायची तो थेट छताला लावायची. वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हे मेजर आता साताऱ्याच्या एमआयडीसीत सुरक्षारक्षक होते आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यांनी माझ्यासमोर उभं राहूनच खिशातून कागद काढला. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज होता.

त्यांची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर. एसटी शाळेजवळून सुटून वस्तीच्या फाट्यावरूनच पुढं जाते, पण तिथं थांबा नाही, त्यामुळं नियमानं थांबत नाही. पोरगी शाळा सुटल्यावर चालत जायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. त्या पावसाळ्यात उसात बिबट्या दोनदा दिसला होता. एकदा कुत्रं नेलं होतं.

“बाई, आमी सरहद्दीवर राहिलेली माणसं, पन मी हतं नसतो,” मेजर म्हणाले. “थंडीत सहालाच अंधारून येतं. दिवाळीपस्तोर बघतो. मग घरीच बसू दे तिला. दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरू भाईरनं.”

त्यांचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना. मी अर्ज घेतला आणि क्लार्ककडे न देता टेबलाच्या खणात टाकला. तसं करायचा मला काही अधिकार नव्हता. पण त्याच वस्तीवरच्या एका मुलीचं नाव पुष्कळ वर्षांपूर्वी मी हजेरीतून स्वतःच्या हातानं कमी केलं होतं, तेव्हा बिबट्या नव्हता पण रस्ता हाच होता. त्या दिवशी माझा पाठ होता ‘शिक्षणाचा हक्क’. मी तो छान शिकवला. तिच्या घरी मात्र गेले नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

वैष्णवीनं पंतप्रधानपदाचा अर्ज भरला. तिची मागणी एकच होती, फाट्यावर एसटीचा थांबा. चिन्ह घेतलं कंपासपेटी. तिच्याविरुद्ध सोहम, चिन्ह जेवणाचा डबा. सोहम म्हणजे गावातल्या तात्यांचा पुतण्या, आणि तात्या म्हणजे गावात ज्यांचे दोन जेसीबी चालतात ते ठेकेदार. आणखी दोघांनी अर्ज भरले होते, पण माघारीच्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वडापाव खाताना दिसले आणि सुट्टी संपल्यावर त्यांनी माघार घेतली. एवढं नागरिकशास्त्र मी शिकवलं नव्हतं.

मग गावातली चार वडीलधारी माणसं शाळेत आली. त्यांचं म्हणणं, निवडणूक बिनविरोध करा. आमच्या गावाला बिनविरोधचा फार अभिमान. सोसायटी बिनविरोध, यात्रा कमिटी बिनविरोध, वरची आळी आणि खालची आळी यांच्यात उगाच दगडफेक नको. त्यांनी तोडगाही आणला होता, पहिलं सत्र सोहमला, दुसरं सत्र पोरीला. हेडसरांना तो फार आवडला. मी वैष्णवीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, “मला दुसरं सत्र न्हाईच की बाई.” वडीलधाऱ्यांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी मतदानाची तारीख जाहीर केली.

सोहमचा जाहीरनामा मोठा होता. शनिवारी गृहपाठ बंद, पोहण्याचा तलाव, आणि वैष्णवीच्या थांब्यावर मात करायला शेवटचं कलम, ‘प्रत्येक वस्तीवर एसटी थेट घरापर्यंत’. मतदान आम्ही मोबाइलवरच्या अ‍ॅपवर घेतलं, बोटाला मार्कर लावला. पोरं एवढी गंभीर होती, की पाचवीतल्या एकानं मत देऊन झाल्यावर यंत्राला नमस्कार केला. संध्याकाळी मोजणी झाली. सोहम अकरा मतांनी निवडून आला.

निकाल मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात हलगी ऐकू आली. मला वाटलं कुणाची वरात आहे. खिडकीतून पाहते तर शाळेच्या फाटकातून पिवळाधमक जेसीबी आत येतोय, त्याच्या मागं तात्या, तात्यांच्या मागं निम्मी वरची आळी, आणि सगळ्यांचे चेहरे गुलालानं ओळखण्यापलीकडं गेलेले. हेडसर ‘आवाज नको’ असं म्हणत व्हरांड्यात धावले आणि दुसऱ्याच मिनिटाला गुलाबी होऊन परत आले. जेसीबीच्या बकेटमध्ये झेंडूची फुलं भरली होती. ड्रायव्हरनं नवनिर्वाचित पंतप्रधानांच्या डोक्यावर ती बकेट उलटी केली. अंदाज जरा चुकला, सोहम नाकापर्यंत फुलांत गाडला गेला आणि त्याला चौघांनी ओढून काढलं. पुढचं अर्धं वर्ष शाळेच्या आवारात झेंडूची रोपं उगवत होती.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. काळा गॉगल घातलेला सोहम, वर गावातल्या सगळ्या काकांचे गोल फोटो, आणि ‘शालेय पंतप्रधानपदी प्रचंड बहुमताने निवड’. मी हेडसरांसमोर बसले होते. त्यांच्या कानात अजून गुलाल होता. ते म्हणाले, पुढच्या वर्षीपासून पहिला नंबर तोच पंतप्रधान, विषय संपला. मी मान डोलावली, पण मला इतकं हसू येत होतं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळाले.

बाहेर वैष्णवी उभी होती. ती रडली नव्हती. मी तिला पुस्तकातलंच सांगितलं, की जो निवडून येतो तो मत न देणाऱ्यांचाही असतो, आणि हरलेल्याला प्रश्न विचारायचा अधिकार असतो. इतकी वर्षं हे वाक्य मी लिहून देत होते. ते कुणी खरं धरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिनं खरं धरलं. थांबा मिळवायचा तर काय लागतं हे विचारायला ती ग्रामपंचायतीत गेली. तिथं तिला कळलं की आगार व्यवस्थापकाला ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. त्या सभेला ठरलेली गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, लागते, नाहीतर सभा तहकूब करावी लागते. आमच्या गावात ती कधी तहकूब होत नसे, कारण सभा झाली की शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा आणि लोक उंबऱ्यावर सह्या करायचे. वैष्णवीनं ते रजिस्टर बघितलं आणि वर्गात सगळ्यांसमोर मला विचारलं, “बाई, तुमी मागच्या सभंला हुता? तुमची सही हाय.”

मागच्या सभेच्या दिवशी मी साताऱ्यात आईकडं होते. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा शिपाई आला आणि मी कुकरची शिट्टी मोजत सही केली. त्याआधीच्या सभेची सहीही तशीच, आणि तिच्याही आधीची. ‘ग्रामसभेचे महत्त्व’ हा प्रश्न मी दर वर्षी महत्त्वाचा म्हणून खूण करून देत होते. मी वर्गाला खरं ते सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “माज्या आज्याचीबी तसलीच असती,” आणि सगळे हसत सुटले. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

मग शाळेच्या संसदेत प्रश्नोत्तराचा तास ठेवला. पंतप्रधान गॉगल लावून आले होते, मी तो काढून ठेवायला लावला. वैष्णवीनं त्यांचाच जाहीरनामा वाचून दाखवला आणि विचारलं, एसटी कवा येणार. सोहमनं घरी बातम्या बघून तयारी केली होती. तो ताठ उभा राहून म्हणाला, “हा प्रश्न विचाराधीन आहे.”

“कुनाच्या?” वैष्णवी म्हणाली.

सोहमनं काढून ठेवलेल्या गॉगलकडं बघितलं. मग म्हणाला, “तात्याच्या.”

पंतप्रधान त्या दिवशी रडत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या शाळेत हजर. धिप्पाड माणूस, हातात दोन मोबाइल. त्यांचं म्हणणं असं, की पोराला पोरीनं सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं. शाळेतला खेळ तो, त्यात खरं एसटीबिसटी कुठनं आणायचं. हेडसर माझ्याकडे बघत होते. मला त्या वेळी कसं सुचलं कोण जाणे, मी विचारलं, तात्या, गुलाल खरा होता का खेळातला?

खिडकीतून त्यांचा फ्लेक्स दिसत होता. गावात एकदा गुलाल अंगावर पडला की माणूस निवडून आला, त्यात शाळा-बिळा असा फरक नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“गुलाल खराच व्हता,” ते शेवटी म्हणाले. “आवं बाई, आता लोकं इचारतील मला. काय करायचं तेवडं सांगा.”

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली होती. मी त्यांना सांगितलं, फक्त माणसं आणा, खरीखुरी, सही करायला बसणारी. तात्यांनी त्यांना येणारा एकच उपाय केला. सभेच्या दिवशी सकाळी जेसीबी फिरला, हलगी वाजली, आणि पुन्हा मिरवणूक आहे समजून गाव देवळासमोर गोळा झालं. फुलं नाहीत हे कळेपर्यंत ग्रामसेवकानं डोकी मोजून रजिस्टर पुढं सरकवलं होतं. त्या सभेची सही मी तिथं बसून केली, आणि पेन घट्ट धरल्यानं ती माझ्या नेहमीच्या सहीसारखी आलीच नाही.

माझी पोरं मागं सतरंजीवर बसली होती. ठराव वैष्णवीनं कागदावर लिहून आणला होता. ती उठताच पुढून कुणीतरी म्हणालं, पोरांना इथं बोलायचा अधिकार नाही, मतदार पाहिजे. नियम बरोबर होता, आणि तो मीच शिकवला होता. सूचक म्हणून मी उभी राहणार होते, पण माझ्याआधी बायकांच्या घोळक्यातून एक बाई उठली. वैष्णवीची आई. वस्तीवरून चालत आली होती, कधी कुठल्या सभेला न आलेली. पदर नीट करून ती ग्रामसेवकाला म्हणाली, “सूचक म्हून माजं नाव लिवा.”

अनुमोदन कोण देणार म्हणून सरपंचांनी विचारलं. वस्ती खालच्या आळीकडची, त्यामुळं वरच्या आळीकडून कुणी तोंड उघडेना. सोहम तात्यांच्या शेजारी बसला होता. त्यानं तात्यांचा शर्ट ओढला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इतका ओढला की बटण तुटलं. तात्या बटण शोधायला उठले आणि सरपंचांनी लिहून घेतलं, अनुमोदक तात्या. तात्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हात जोडले. बटण शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुढचे तीन आठवडे तात्यांनी आगारात इतक्या चकरा मारल्या, की तिथले लोक त्यांना चहा विचारायचं विसरून थेट खुर्ची द्यायला लागले. अधिकारी येऊन फाटा बघून गेले. मी खणातला अर्ज रोज उघडून बघायची आणि परत ठेवायची. दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस असताना आगाराचं पत्र आलं. फाट्यावर पाटी लागली, ‘विनंती थांबा’.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पहिली बस थांबणार होती. पंतप्रधानांनी उद्‌घाटनाला जायचं ठरवलं, विरोधी पक्षनेत्या तर जाणारच होत्या, आणि अर्ज पर्समध्ये टाकून मीही चढले. कंडक्टरनं ‘फाटा’ म्हणताच बस हसायला लागली, कारण वर्गातल्या ज्यांचा फाट्याशी काही संबंध नव्हता तीही पोरं आत बसली होती. बस थांबेल की नाही, यावर मागं पैजा लागल्या होत्या. वैष्णवी दोन्ही हातांनी दांडी धरून पुढच्या काचेतून बघत होती. पाटी दिसली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर आदळलो.

फाट्यावर मेजर उभे होते, रजा काढून आलेले, हातात काठी आणि बॅटरी. त्यांच्या मागं उसाच्या फडातून जाणारी पायवाट आणि शंभरेक पावलांवर पाच घरं, एका अंगणात आकाशकंदील लावायचं काम चाललं होतं. इतकी वर्षं त्या गावात राहून मी ती वस्ती पहिल्यांदा बघत होते. अडीच किलोमीटर अंतर होतं. मला भरून आलं, आणि पोरांनी बघू नये म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

हाताला अर्ज लागला. मी तो मेजरांना दिला. त्यांनी उघडून वाचला, खालची सही आपलीच आहे असं न वाटून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “बाई, ह्यो तुमी साहेबास्नी दिलाच न्हाई?” मी नाही म्हटलं. त्यांनी तो फाडायला दोन्ही हातांत धरला.

“आवं, फाडू नका, पाठकोरा हाय,” वैष्णवी म्हणाली, आणि तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

इकडे बस पुढं निघून गेली होती आणि अंधारून यायला लागलं होतं. परतीची बस कधी आहे हे उद्‌घाटनाच्या घाईत कुणी विचारलंच नव्हतं. पोरं हसायची बंद झाली. उसात काहीतरी सळसळलं, बहुतेक वाराच होता, पण पंतप्रधान सरळ मेजरांच्या काठीमागं जाऊन उभे राहिले. मेजरांनी तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, मोटार गावाला गेलीय, जेसीबी पाठवतो.

त्याचा दिवा लांबून दिसेपर्यंत वैष्णवी पाटीच्या खांबाला कागद टेकवून बॅटरीच्या उजेडात काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं तो घडी न घालता सोहमच्या हातात ठेवला. मी वाकून वाचलं. एका बाजूला शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या तिरक्या अक्षरात: ‘मा. पंतप्रधान यांस. विषय: फाट्यावर दिवा बसवणेबाबत.’